एका रेणूचा उजेड : एकल रेणूचे प्रतिदीप्ती वर्णपटविज्ञान

पाण्याच्या एका लहानशा थेंबात एकावर एकवीस शून्ये मांडल्यावर होणाऱ्या संख्येपेक्षाही अधिक रेणू असतात. रसायनशास्त्राचे बहुतेक सर्व प्रयोग अशा अफाट समुदायावरच होत आले आहेत. परीक्षानळीत रंग बदलला किंवा उष्णता निर्माण झाली, तर तो असंख्य रेणूंचा एकत्रित परिणाम असतो. त्यांतील एखाद्या रेणूने नेमके काय केले, हे त्या प्रयोगातून कळत नाही. पुंजयामिकीच्या जनकांपैकी एक असलेल्या एर्विन श्रोडिंगर यांनी तर १९५२ मध्ये असे प्रतिपादन केले होते की, एकटा इलेक्ट्रॉन, एकटा अणू किंवा एकटा लहान रेणू घेऊन आपण कधीच प्रयोग करत नाही. तसे प्रयोग केवळ विचारात होतात. त्यानंतर चाळीस वर्षांच्या आतच एकट्या रेणूचा प्रकाशीय ठसा कागदावर उमटला. आज हे तंत्र रसायन, भौतिकी व जीवशास्त्र या तिन्ही शाखांत नित्याचे झाले आहे.

एका रेणूकडे पाहण्याचा एवढा अट्टहास कशासाठी, असा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उपस्थित होतो. त्याचे उत्तर सरासरीच्या मर्यादेत आहे. एखाद्या वर्गातील निम्म्या विद्यार्थ्यांना शंभर गुण मिळाले आणि निम्म्यांना शून्य, तर वर्गाची सरासरी पन्नास येते. प्रत्यक्षात मात्र पन्नास गुण मिळालेला विद्यार्थी त्या वर्गात एकही नसतो. रेणूंच्या बाबतीतही असेच घडू शकते. एखादे प्रथिन उघड्या व मिटलेल्या अशा दोन रूपांत वावरत असेल, तर समुदायावरील मापन त्याचे अर्धवट उघडे रूप दाखवील, आणि ते रूप कोणत्याही रेणूने कधीच धारण केलेले नसेल. शिवाय लाखो रेणू आपापल्या वेळी काम सुरू करतात. त्यामुळे कोणती पायरी आधी आणि कोणती नंतर, हा क्रम समुदायात पुसला जातो. तो जाणून घ्यायचा तर एकाच रेणूचा पाठपुरावा करणे भाग आहे.

प्रतिदीप्ती आणि अंधाराचे महत्त्व

काही पदार्थ एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात. या गुणधर्माला प्रतिदीप्ती, म्हणजेच फ्लुओरेसन्स, असे म्हणतात. केंब्रिजचे गणितज्ञ व भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५२ मध्ये क्विनाइनचे द्रावण व फ्लोरस्पार नावाचे खनिज यांचा अभ्यास करून या आविष्काराचे स्पष्टीकरण केले. फ्लुओरेसन्स हे नावही त्यांनी या खनिजावरूनच दिले. आपल्या चलनी नोटांवरील क्रमांक बँकेतील जंबुपार दिव्याखाली चमकताना दिसतात, तेही याच गुणधर्मामुळे.

रेणूने प्रकाशाचा एक कण, म्हणजे फोटॉन, शोषला की त्यातील इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातो. तेथे थोडी ऊर्जा कंपनांच्या रूपाने गमावून, साधारणपणे काही नॅनोसेकंदांत, तो पुन्हा खाली येतो आणि उरलेली ऊर्जा नव्या फोटॉनच्या रूपाने बाहेर पडते. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक अब्जावा भाग. वाटेत ऊर्जा खर्च झालेली असल्यामुळे बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी शोषलेल्या प्रकाशापेक्षा अधिक असते; निळा प्रकाश टाकला तर हिरवा मिळतो, हिरवा टाकला तर नारिंगी. रंगातील हा फरक फार उपयोगी पडतो. योग्य गाळणी लावून लेसरचा प्रकाश अडवता येतो आणि रेणूने दिलेला प्रकाश तेवढा संवेदकापर्यंत पोहोचतो. अमावास्येच्या रात्री समोरच्या डोंगरावरचा एकटा काजवाही डोळ्यांना दिसतो. भर दुपारी त्याच डोंगरावर बसलेला काळा भुंगा मात्र दिसत नाही. (काजव्याचा प्रकाश रासायनिक क्रियेतून येतो, ही गोष्ट वेगळी.) एका रेणूने शोषलेला प्रकाश मोजणे हे भुंगा शोधण्यासारखे आहे, तर त्याची प्रतिदीप्ती मोजणे काजवा पाहण्यासारखे.

नवल असे की, पहिले यश मिळाले ते भुंगा शोधणाऱ्यांना. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सॅन होजे येथील आयबीएमच्या अल्माडेन संशोधन केंद्रात विल्यम मोर्नर आणि लोथार काडोर यांनी १९८९ मध्ये एकट्या रेणूचे शोषण मोजून दाखवले. त्यांनी टर्फेनिलच्या स्फटिकात पेंटासीन या पदार्थाचे अत्यल्प रेणू मिसळले आणि तो स्फटिक द्रवरूप हेलियमने उणे २७१ अंश सेल्सियसच्याही खाली थंड केला. इतक्या थंडीत रेणूंची कंपने जवळपास थांबतात आणि प्रत्येक रेणू अतिशय नेमक्या वारंवारतेचा प्रकाशच शोषतो. स्फटिकाची रचना कोठेही शंभर टक्के सारखी नसते; प्रत्येक रेणूचा शेजार किंचित निराळा असतो आणि त्याची वारंवारताही त्यानुसार किंचित सरकते. लेसरची वारंवारता हळूहळू बदलत नेली, तर गर्दीपासून दूर असलेला एखादा रेणू नेमका सापडतो. पुढच्याच वर्षी फ्रान्समधील बोर्दो येथे मिशेल ऑरिट आणि जाकी बेर्नार यांनी याच स्फटिकातील पेंटासीनची प्रतिदीप्ती मोजली. तिचा संकेत कितीतरी स्पष्ट होता आणि पुढील संशोधन याच वाटेने गेले.

अशा प्रयोगांत लवकरच एक अनपेक्षित गोष्ट दिसली. उणे २७१ अंशांच्या आसपासही काही रेणूंची वारंवारता एका जागी स्थिर राहत नव्हती. ती मध्येच उडी मारून दुसरीकडे जात असे. रेणूच्या आसपासच्या स्फटिकात सूक्ष्म हालचाली चालू असल्याचा तो पुरावा होता. समुदायाच्या मापनात या उड्या कधीच दिसल्या नसत्या, कारण एकाची उडी दुसऱ्याच्या उडीत मिसळून गेली असती.

सर्वसाधारण तापमानाला

जीवशास्त्राच्या दृष्टीने हेलियमची थंडी निरुपयोगी होती. सजीवांचे रेणू पाण्यात आणि उबेत काम करतात. १९९० मध्येच अमेरिकेच्या लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेतील संशोधकांनी वाहत्या पाण्यातील ऱ्होडामाइन या रंजकाचे एकेकटे रेणू लेसरच्या झोतातून जाताना टिपले. त्याआधीचे दोन प्रयत्नही येथे नोंदवले पाहिजेत. बोरिस रॉटमन यांनी १९६१ मध्ये अतिसूक्ष्म थेंबांत बीटा-गॅलॅक्टोसिडेझ या विकराचा, म्हणजे एंझाइमचा, एकेक रेणू कोंडला आणि त्याने तयार केलेल्या प्रतिदीप्त पदार्थावरून त्याचे अस्तित्व ओळखले. टोमास हिर्शफेल्ड यांनी १९७६ मध्ये अनेक रंजक रेणू चिकटवलेला एकच प्रतिपिंड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला.

पाण्यात एक रेणू पाहायचा तर दोन अटी पाळाव्या लागतात. द्रावण अत्यंत विरल हवे आणि ज्या जागेतून प्रकाश गोळा करायचा ती जागा अतिशय लहान हवी. सूक्ष्मदर्शकाने लेसर एका बिंदूवर एकवटला आणि समोर बारीक छिद्र ठेवले, तर सुमारे एक फेम्टोलिटर, म्हणजे लिटरच्या एक लाख अब्जाव्या भागाच्याही दहाव्या भागाइतक्या, जागेतील प्रकाश मिळतो. रंजकाचे एक नॅनोमोलर द्रावण घेतल्यास एवढ्या जागेत सरासरीने एकही पूर्ण रेणू नसतो. कधी एक येतो, बहुधा कोणी नसतो. पाण्याचे रेणू मात्र तेथेही तीन हजार कोटींहून अधिक असतात आणि तेही लेसरचा प्रकाश थोडाफार विखुरतात. या विखुरण्यात रंग बदललेला जो अंश असतो तो रामन परिणामाचा. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये कोलकात्यात शोधलेला आणि भारताला भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवून देणारा हा परिणाम येथे मात्र नको असलेली पार्श्वभूमी ठरतो. निरीक्षणाची जागा जितकी लहान, तितकी ही पार्श्वभूमी क्षीण.

समोर चमकणारा ठिपका एकाच रेणूचा आहे, हे कशावरून ठरवायचे? याच्या दोन कसोट्या आहेत. पहिली म्हणजे, एकटा रेणू एका वेळी एकच फोटॉन देऊ शकतो. दुसरा देण्यासाठी त्याला पुन्हा वर जाऊन खाली यावे लागते. म्हणून दोन संवेदकांवर एकाच क्षणी फोटॉन येऊन पडत नाहीत. रेणूच्या बाबतीत हे १९९२ मध्ये दाखवण्यात आले. दुसरी कसोटी अधिक सोपी आहे: अनेक रेणूंचा प्रकाश हळूहळू मंदावतो, एका रेणूचा प्रकाश दिव्याचे बटण बंद करावे तसा एका क्षणात जातो.

या मार्गाचा एक पूर्वज आजही वापरात आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात डग्लस मॅग्ड, इलियट एल्सन आणि वॉट वेब यांनी १९७२ मध्ये प्रतिदीप्तीच्या चढउतारांवरून रेणूंची गती मोजण्याची पद्धत मांडली. लहान रेणू निरीक्षणाची जागा सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी वेळात ओलांडतो, मोठा पुंजका रेंगाळतो; चमक किती काळ टिकली यावरून आकार कळतो. वेब यांच्या प्रयोगशाळेत काम केलेले सुदीप्त मैती यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हेच तंत्र अमायलॉइड-बीटा या पेप्टाइडच्या अभ्यासासाठी वापरले. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत याच पेप्टाइडचे थर साचलेले आढळतात. ते किती प्रमाणात सुटे राहते आणि केव्हा पुंजके धरू लागते, हा प्रश्न रोग समजून घेण्याच्या दृष्टीने कळीचा आहे, आणि विरल द्रावणात थेट पाहणाऱ्या अशा तंत्राखेरीज त्याचे उत्तर मिळणे अवघड.

रेणूंच्या सवयी

१९९८ मध्ये सनी शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलेस्टेरॉल ऑक्सिडेझ या विकराचे एकेकटे रेणू जेलमध्ये अडकवून पाहिले. या विकराच्या कार्यकेंद्रात एक नैसर्गिक प्रतिदीप्त घटक असतो. विकर एका अवस्थेत चमकते आणि दुसऱ्या अवस्थेत विझते. म्हणजे प्रत्येक उघडमीट हे कामाचे एक आवर्तन. प्रयोगात असे आढळले की, एकाच रेणूचा कामाचा वेग सतत बदलतो; एवढेच नव्हे, तर एक आवर्तन लांबले की पुढचेही लांबण्याची शक्यता वाढते. रेणूला जणू आपल्या मागच्या क्षणाची आठवण राहते. याचे कारण त्याच्या आकारात होणाऱ्या संथ बदलांत आहे. पाठ्यपुस्तकांतील विकराचा स्थिर वेग हा अशा लहरी कामगारांच्या मोठ्या जमावाची सरासरी आहे, हे त्या प्रयोगाने दाखवले. या लेखात एकच प्रयोग निवडायचा झाला, तर हाच निवडावा लागेल.

रेणूच्या आतील अंतरे मोजण्यासाठी दोन रंजकांची जोडी वापरतात. पहिल्या रंजकाने शोषलेली ऊर्जा जवळच्या दुसऱ्याकडे परस्पर जाऊ शकते; थिओडोर फोर्स्टर यांनी १९४० च्या दशकात तिचा नियम मांडला. हे संक्रमण अंतराच्या सहाव्या घातानुसार घटते. पाच नॅनोमीटरवर निम्मी ऊर्जा जात असेल, तर दहा नॅनोमीटरवर जेमतेम दीड टक्का जाते. त्यामुळे दोन रंगांचे गुणोत्तर पाहून साधारण दोन ते दहा नॅनोमीटरमधील अंतर कळते. ही जणू रेणूंच्या मापाची पट्टीच. १९९६ मध्ये तेकजिप हा, शिमोन वाइस व सहकाऱ्यांनी ती एकाच जोडीवर वापरून दाखवली. प्रथिनाची घडी पडणे, आरएनएचे वळणे, डीएनएवर प्रथिनांचे सरकणे यांचा अभ्यास तेव्हापासून या पट्टीने होत आला आहे.

पेशीतील मालवाहू प्रथिनांबद्दलचा एक वाद तर २००३ मध्ये एकाच प्रयोगाने निकाली निघाला. मायोसिन-५ हे प्रथिन दोन पायांनी ॲक्टिनच्या तंतूवर चालते. ते माणसासारखे एकामागून एक पाय पुढे टाकते, की पुढचा पाय कायम पुढेच ठेवून मागचा नुसता ओढून घेते, याबद्दल मतभेद होते. इलिनॉय विद्यापीठात पॉल सेल्विन यांच्या गटातील अहमेत यिल्डिझ व सहकाऱ्यांनी एका पायाला एक रंजक रेणू लावला. सूक्ष्मदर्शकात तो ठिपका काही शे नॅनोमीटर रुंद व पुसट दिसतो. परंतु पुरेसे फोटॉन जमवले तर त्या ठिपक्याचा मध्य सुमारे दीड नॅनोमीटरच्या अचूकतेने काढता येतो. प्रथिनाचा मध्य दर पावलाला ३७ नॅनोमीटर पुढे सरकतो, हे आधी ठाऊक होते. रंजक लावलेला पाय मात्र एका पावलाला ७४ नॅनोमीटर सरकला, पुढच्या पावलाला जागीच राहिला, नंतर पुन्हा ७४. म्हणजे पाय आळीपाळीने पडत होते.

लुकलुकण्याचा उपयोग

ठिपक्याचा मध्य काढण्याच्या याच युक्तीतून पुढे सूक्ष्मदर्शनाची नवी शाखा निघाली. एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये दाखवल्याप्रमाणे, प्रकाशाच्या तरंगलांबीच्या सुमारे निम्म्याहून, म्हणजे जवळपास २०० नॅनोमीटरहून, कमी अंतरावरील दोन बिंदू सूक्ष्मदर्शकाला वेगळे दाखवता येत नाहीत. पण ते दोन बिंदू एकाच वेळी चमकलेच नाहीत तर? १९९७ मध्ये मोर्नर, रॉजर चेन आणि सहकाऱ्यांनी जेलिफिशमधील हिरव्या प्रतिदीप्त प्रथिनाच्या बदललेल्या रूपांचे एकेकटे रेणू पाहिले. ते लुकलुकत होते, काही काळाने विझत होते आणि ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश टाकताच पुन्हा जागे होत होते.

या गुणाचा उपयोग करून २००६ मध्ये एरिक बेट्झिग आणि हॅराल्ड हेस यांनी, तसेच स्वतंत्रपणे हार्वर्डमध्ये शियाओवेई झुआंग यांच्या गटाने, एका वेळी मोजकेच रेणू चमकवायचे, त्यांची अचूक स्थाने टिपायची, ते विझले की दुसरे मोजके रेणू जागवायचे आणि हजारो चित्रे एकत्र करून पूर्ण प्रतिमा उभी करायची, ही पद्धत सिद्ध केली. बेट्झिग त्यापूर्वी काही वर्षे संशोधन सोडून वडिलांच्या यंत्रनिर्मितीच्या उद्योगात काम करत होते, आणि नव्या सूक्ष्मदर्शकाची जुळणी हेस यांच्या घरातील दिवाणखान्यात झाली होती. २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल बेट्झिग, मोर्नर आणि वेगळ्या मार्गाने हीच मर्यादा ओलांडणारे जर्मनीचे श्टेफान हेल यांना विभागून देण्यात आले. या पद्धतीने २०१३ मध्ये झुआंग यांच्या गटाला मज्जापेशीच्या लांब तंतूमध्ये ॲक्टिनची कडी दर १८० ते १९० नॅनोमीटरवर, पिंपावरील पट्ट्यांसारखी, ओळीने बसवलेली दिसली. इतके सुबक बांधकाम पेशीत असूनही तोवर ते कोणाच्या नजरेला आले नव्हते.

प्रयोगशाळेबाहेर या तंत्राचा सर्वांत मोठा उपयोग जनुकवाचनात झाला. कॉर्नेलमध्ये २००३ मध्ये काचेवरील ॲल्युमिनियमच्या पातळ थरात काही दशक नॅनोमीटर रुंदीची भोके पाडण्यात आली. प्रकाश त्यांत तळाशीच अडकतो आणि निरीक्षणाची जागा फेम्टोलिटरच्याही कितीतरी पट लहान होते. अशा भोकाच्या तळाशी डीएनए जोडणारे एकच विकर बसवले, तर त्याने उचललेल्या प्रत्येक रंगीत घटकाची चमक वाचता येते. पॅसिफिक बायोसायन्सेस या कंपनीने २००९ मध्ये हे वाचन प्रसिद्ध केले. २०२२ मध्ये मानवी जनुकसंचाचा तोवर न वाचलेला सुमारे आठ टक्के भाग पूर्ण झाला, त्यात या यंत्रांचा मोठा वाटा होता. दुसरा वाटा विद्युतप्रवाहावर चालणाऱ्या निराळ्या तंत्राचा होता. रक्तचाचण्यांत तर रॉटमन यांची १९६१ ची युक्तीच परतली आहे: २०१० मध्ये मांडलेल्या पद्धतीत रक्तातील अत्यल्प प्रथिने लाखो सूक्ष्म खाचांत वेगळी केली जातात आणि प्रत्येक रेणूमागे एक खाच चमकते. चमक देणारे विकरही तेच, बीटा-गॅलॅक्टोसिडेझ. मज्जापेशींना इजा झाल्यावर रक्तात झिरपणारी प्रथिने मोजण्यासाठी या चाचण्या वापरल्या जातात.

कोठे जपून राहावे लागते

रेणूकडे फोटॉनची शिल्लक मर्यादित असते. पाण्यातील चांगला रंजक रेणू साधारण दहा लाख फोटॉन देऊन कायमचा विझतो आणि त्यांतील शंभरामागे मोजकेच संवेदकावर नोंदले जातात. प्रकाश वाढवावा तर रेणू लवकर जातो, कमी करावा तर वेगवान घटना निसटतात. द्रावणातील ऑक्सिजन काढल्यास आयुष्य वाढते, पण मग प्रयोग जिवंत पेशीत करता येत नाही. शिवाय पाहायचे असते प्रथिन, आणि दिसतो तो त्याला चिकटवलेला रंजक. त्या ओझ्याने प्रथिनाचे वागणे बदलले नाही ना, हे दर वेळी निराळे तपासावे लागते. काही शे रेणूंतून निवडक ठळक उदाहरणे दाखवण्याचा मोहही मोठा असतो.

म्हणूनच वेगवेगळ्या प्रयोगशाळांची मापने जुळतात का, हा प्रश्न या क्षेत्रात गांभीर्याने घेतला गेला. २०१८ मध्ये २० प्रयोगशाळांनी डीएनएचे तेच नमुने, त्यांत काय आहे हे न सांगता वाटून घेऊन, ऊर्जासंक्रमणाची पट्टी लावली. शून्य ते एक या मापावर त्यांच्या उत्तरांतील फरक ०.०२ ते ०.०५ इतकाच निघाला. डीएनएचा तुकडा मात्र ताठ असतो. प्रथिन सतत हलते. त्यामुळे २०२३ मध्ये १९ प्रयोगशाळांनी हीच परीक्षा आकार बदलणाऱ्या दोन प्रथिनांवर घेतली. तेथेही अंतरांचे निष्कर्ष एकमेकांशी सुमारे ०.२ नॅनोमीटरच्या आत जुळले. प्रत्यक्ष अंतराशी ताडून पाहता चूक जास्तीत जास्त अर्ध्या नॅनोमीटरची भरली.